पुलाखाली झोपणारी माणसं ‘घाण’ नाहीत

निशिगंधा (धागाकर्ती):
‘पुलाखालची घाण महापालिका कधी उचलणार?’ ही परवाची पोस्ट आणि तिच्याखालचे ‘अगदी बरोबर’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. घाण म्हणजे तिथली माणसं. वॉर्डात निवारा केंद्र होणार म्हटल्यावर याच मंडळींनी विरोधाच्या सह्या गोळा केल्या. पुलाखाली नको, छपराखालीही नको, मग त्यांनी जायचं कुठे? मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास आणि बाराही महिने, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय.

करदाता:
कोर्टाचं सांगता तर मुंबईतल्या फुटपाथवासीयांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचाच १९८५ चा ओल्गा टेलिस निकालही वाचा. फुटपाथ अडवून राहायचा हक्क कुणालाही नाही, असं त्यात आहे. निवारे रिकामे पडतात, हे लोक जातच नाहीत. माझी मुलगी क्लासहून रात्री नऊला परतते, तिची काळजी मी करायची नाही? आणि आधी त्या दानशूरांना आवरा. गाडी थांबवून अन्न वाटतात, फोटो काढतात, सकाळी खरकट्या पत्रावळ्या आम्ही उचलतो.

निशिगंधा:
उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही त्याच निकालात आहे. ते गाळलंत.

वामन७१:
पत्रावळ्यांचं पटलं, फोटोवाल्यांची मलाही चीड येते. पण निवाऱ्यात का जात नाहीत, हे कधी विचारलंत? नवरा एकीकडे, बायको-पोरं दुसरीकडे. भंगाराची हातगाडी बाहेर ठेवायची, सकाळी ती जागेवर असेलच असं नाही. केटरिंगचं काम आटपून पहाटे येणाऱ्याला झोप लागते न लागते तोच बाहेर काढतात.

करदाता:
कमावतात तर खोली घ्यावी.

निशिगंधा:
डिपॉझिट कुठून आणणार? शिवाय घरमालक कागद मागतो. भांडी घासणाऱ्या एक मावशी कागदांची प्लास्टिकची पिशवी कायम ब्लाउजमध्ये ठेवायच्या. अंघोळीला जाताना तेवढी गाठोड्यात ठेवली आणि नेमकी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. गाठोडं गेलं. रेशनकार्ड गेलं, नवऱ्याचा मृत्यूदाखला गेला, निराधार योजनेचा अर्ज तिथेच अडला.

निवृत्त मास्तर:
कागदांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी बीएलओची, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याची, ड्यूटी केली आहे. मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ साठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओने रात्री जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, तेही एकाहून अधिक रात्री. नियम स्पष्ट आहे. रात्री जातो कोण?

करदाता:
म्हणजे आता पुलाखालचे मतदारही! पुढाऱ्यांना हेच हवंय, बोगस यादी.

वामन७१:
तोंड सांभाळून बोला. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील दुकानाच्या फळीवर झोपायचे. पहाटे दुकानदार यायच्या आत वळकटी गुंडाळून कामाला. ते बोगस होते?

करदाता:
तुमच्या वडिलांना कुणी काही म्हटलेलं नाही. मास्तर म्हणतात तसा नियम असेल तर असू दे. पण मुलीचा मुद्दा तुम्ही सगळ्यांनी सरळ टाळलात.

निशिगंधा:
टाळला नाही. उघड्यावर झोपणाऱ्या बाईलाही तीच भीती आहे, आणि तिला लावायला दार नाही. पुलाखाली दिवा आणि रात्रीची गस्त आम्हीही मागतोय.

करदाता:
निवाऱ्यावर रात्रीचा रखवालदार, कुटुंबांना वेगळ्या खोल्या, हातगाड्यांना आत जागा. हे लेखी द्या, सही मागे घेतो. तोपर्यंत नाही.

निशिगंधा:
तिन्ही मुद्दे निवेदनात घालते. सोमवारी वॉर्ड ऑफिसला या, अधिकाऱ्यासमोर तुम्हीच मांडा.

निवृत्त मास्तर:
मीही येतो. येताना फॉर्म ६ चा गठ्ठा आणतो, त्या मावशींना निरोप द्या.