परवान्यात जागा नव्हती म्हणून मॅनलिकर रायफल सोडली. चुकलं का?

दुनळी:
२०२० च्या दिवाळीनंतरची गोष्ट. गडहिंग्लजकडे एक काका, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडे तीन हत्यारं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच ठेवता येतात, वारशाने आलेलंही त्या दोनातच धरतात. जास्तीचं वर्षभरात पोलीस ठाण्यात नाहीतर दुकानदाराकडे जमा करायचं. डिसेंबरात मुदत संपत होती. मुलगा बंगलोरला, त्याला बंदुकीत काडीचा रस नाही. त्यांची रायफल घेता का, असा ओळखीतून मला निरोप आला.

रायफल म्हणजे मॅनलिकर-शोनावर, १९०३ चं मॉडेल, ६.५ मिमी, ऑस्ट्रियातल्या स्टायरच्या कारखान्याची. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत. बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याची, मूठ गोल नाही, लोण्याच्या सुरीसारखी चपटी. मी बोल्ट मागे ओढला तर आवाजच नाही. माझी इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल उघडली की शेजारच्यांना कळतं. मॅगझिनच्या आत एक फिरती चाती, तिच्या खाचांत पाच काडतुसं आपापल्या जागी बसतात. बाजूचं बटण दाबलं की पाचही भडाभडा ओंजळीत. काकांनी रिकाम्या पुंगळ्या घालून दाखवलं, लहान पोराला भोवरा दाखवावा तसं. लाकूड लोखंडाला भिडतं तिथे नखाने खरवडून पाहिलं, गंज नाही. बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर एकच, म्हणजे जोडी मूळचीच.

माझ्याकडे आजोबांची बारा बोअरची बंदूक आणि .३१५. तिसरीला जागा नाही. .३१५ कुणाला विकायची तर गिऱ्हाईक शोधा, लेखी कळवा, ४५ दिवस थांबा. “विचार करून सांगतो” म्हणालो आणि तीन आठवडे विचारच केला. फोन केला तेव्हा काका म्हणाले, “दुकानात देऊन टाकली बाळ. तुझा फोन येईल म्हणून चार दिवस जास्तच थांबलो होतो.”

ते चार दिवस मला आजही झोपू देत नाहीत. खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. देशात आहेत तेवढ्याच, नवीन येणार नाहीत. म्हणून माझं मत असं की अशी वस्तू समोर आली तर आधी हो म्हणायचं, कागद मागनं.

वकिलीणबाई:
“कागद मागनं” हे तेवढं मागे घ्या. परवान्यावर नोंद नसलेली रायफल एक रात्र जरी घरात राहिली तरी तो गुन्हा आहे. माझ्याकडे असे भले लोक रडत येतात.

दुनळी:
ताई, हो म्हणायचं, घरी आणायची नाही. तोंडाने शब्द द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी कलेक्टर ऑफिसची पायरी चढायची. मी शब्दच दिला नाही, हेच तर दुखणं आहे.

रानवाट:
मला या धाग्यातली हळहळच समजत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. ६.५ ची काडतुसं आपल्या दुकानांत मिळतात का? नाही. मग ही रायफल घेऊन तुम्ही नेमकं काय करणार होतात, पुसत बसणार? वर ही कुठल्या काळाची खूण आहे तेही विसरू नका. १९४७ च्या सुमारास आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. आपल्याकडचे शेवटचे म्हणून त्यांचीच नोंद सांगतात. तेही अशाच कुठल्यातरी देखण्या लाकडाच्या मागे उभे राहून मारले असणार. गेली ते बरं झालं.

दुनळी:
पुसतच बसणार होतो. लोक घड्याळं पुसतात, फियाट पुसतात, मी हे पुसतो. आणि पेशव्यांची तलवार काचेमागे बघताना तुम्ही पानिपतातल्या मढ्यांचा हिशोब मांडता का हो?

रानवाट:
तलवार म्युझियममध्ये आहे, दुनळीराव, तुमच्या बेडरूममधल्या कपाटात नाही. फरक तिथेच आहे.

ओहायोकर:
इथे परवान्याची भानगड फारशी नाही, तरी माझं दुःख तेच. माझा नाद विंचेस्टर मॉडेल ७० रायफलचा. १९३६ साली निघालं. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला त्याची बांधणी बदलली. आधी माउझर रायफलसारखा लांब पंजा काडतुसाची कड सुरुवातीपासून पकडून ठेवायचा, तो काढला. दस्त्यावरची पकडीसाठीची जाळी हाताने कोरायचे, ती दाबून छापायला लागले. लोकांनी इतकी बोंब मारली की आजही इथे “चौसष्टच्या आधीची का?” हाच पहिला प्रश्न असतो.

एका गहाणवटीच्या दुकानात दोन उभ्या होत्या. एक अस्पर्श, .२५७ रॉबर्ट्स काडतुसाची. दुसरी दोनशे डॉलरने स्वस्त. तिला कुणीतरी दुर्बिणीसाठी जादा भोकं पाडून मागे रबराची गादी ठोकलेली. मी दोनशे वाचवले. आज माझ्याकडची कुणी घेत नाही आणि ती पहिली पुन्हा कधी दिसली नाही. म्हणून दुनळींशी अर्धाच सहमत. हुकलेल्या संधीपेक्षा घेतलेली चुकीची रायफल जास्त छळते, ती रोज समोर असते.

सड्यावरचा:
आमच्या सिंधुदुर्गात बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची नळी. डुक्कर भातात शिरला की बार काढायचा, तोही हवेत. नारळावर वांदर बसलेला असताना नंबर जुळतात का ते कोण बघतो? तुमचा वाद वाचून मजा आली, पण हा पोटभर जेवलेल्यांचा वाद आहे.
.३१५ ला मात्र नावं ठेवू नका. लष्करी .३०३ सामान्य माणसाला बंद, म्हणून ती ८ मिमीची केली. काडतूस आजही इथलंच मिळतं, बोल्ट करकरतो पण अडत नाही. परवान्यात दोनच जागा असतील तर एक तिचीच. तुम्ही नकळत बरोबर वागलात.

वकिलीणबाई:
सड्यावरचे, अगदी. परवाना म्हणजे कपाट नव्हे. सरकार हत्यार देतं ते कारण बघून: जिवाला धोका, पीक, खेळ. “मला जुनं लोखंड आवडतं” हे कारण अर्जात लिहून बघा.

दुनळी:
लिहिता येत नाही, तीच तर तक्रार! एका माणसाने जपलेल्या वस्तूला दोन वाटा: ठाण्यातली कोठी नाहीतर दुकानाची मागची खोली. तिथे ती सडली तर कुणाला जबाबदार धरायचं?

तात्यांची नात:
कोठीबद्दल मी सांगू शकते. आमचे आजोबा गेले तेव्हा त्यांची रायफल आईने ठाण्यात जमा केली. वारसाचा परवाना होईपर्यंत काही वर्षं गेली. मामा आणायला गेले तर नळीत बोट घालायची सोय नव्हती, लाल चिखल. पट्टा उंदरांनी खाल्लेला. आजोबा दर दसऱ्याला सरकीच्या तेलाचं बोट फिरवायचे, झेंडूची माळ घालायचे. आईने ती तशीच परत नेऊन दिली, म्हणाली वितळवा.
पण दुनळीकाका, एक विचारू? तुम्ही “मॅनलिकर सोडली” म्हणालात. सोडली तर गडहिंग्लजच्या त्या काकांनी ना? त्यांना काय वाटलं ते तुम्ही एकदाही लिहिलं नाही.

दुनळी:
(उशिरा उत्तर, माफ करा.)
खरं आहे. काका दारापर्यंत सोडायला आले होते. म्हणाले, “पैशाचं बघू रे, तू .३१५ चं काय ते कर.” मी त्याचा अर्थ घासाघीस असा लावला.

ओहायोकर:
जाऊ द्या हो. शिकारी जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी रायफल आठवा. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून मिळालेली, दस्त्यावर चांदीची पट्टी. कित्येक वर्षं त्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकाच्या ऑफिसात होती, २०१५ च्या सुमारास रिग्बी कंपनीने ती मिळवली. वस्तू टिकते, हात बदलतात. तुमची मॅनलिकर कुणाकडे तरी असेलच.

रानवाट:
कॉर्बेटची राहिली कारण ती कॉर्बेटची होती. बाकीच्यांना पट्टी नाही.

दुनळी:
आहे कुठे ते मला माहीत आहे. मागच्या वर्षी त्या दुकानात गेलो होतो. खोलीत अंधार, कोपऱ्यात उभी. मालकाने कौतुकाने आणली, “नवी करून घेतलीय साहेब.” पॉलिशपेपरने दस्ता घासलेला, वर फर्निचरचं चकचकीत व्हर्निश. नळीजवळची धारदार कड गोल झालेली. बोल्ट ओढला, तोच बिनआवाजाचा. मूठ उलटी करून नंबर पाहिला तर वेगळाच. मालकाला विचारलं, त्याला नंबर म्हणजे काय तेच कळेना.

रानवाट:
मग वाचलात.

दुनळी:
असं म्हणा. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन .३१५ चा बोल्ट काढून तासभर तेल लावत बसलो. बायको म्हणाली, आज काय दसरा आहे का?

सड्यावरचा:
नंबरावरून आठवलं. निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करता तेव्हा पावतीवर बोल्टचा नंबर वेगळा लिहून घ्या. आमच्या वाडीत गेल्या खेपेला दोघांचे बोल्ट अदलाबदल होऊन आले. एकाचा बसेना म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. हवालदार कुरकुरतो, पण लिहितो.