मदत हवी आहे: जीपच्या उघड्या चासीला कोणता प्रायमर, कोणता रंग?

नमस्कार मंडळी,

बाबांची महिंद्रा एमएम ५४० पूर्ण उघडली आहे. गाव गुहागरजवळ, समुद्र अगदी लागून. बॉडी, इंजिन, पाटे, अ‍ॅक्सल सगळं उतरवून नुसती चासी शेडमध्ये ठोकळ्यांवर ठेवली आहे. कुजलेले आडवे मेंबर कापून नवीन वेल्ड करून झाले. आता सँडब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कण मारून गंज आणि जुना रंग काढणं) आणि रंग, आणि इथेच घोडं अडलंय.

गाडी शोसाठी नाही. बागेतून आंब्याच्या पेट्या तीच काढते आणि बाबांना ती हंगामाआधी पुन्हा चालवायची आहे. म्हणून चकाकी नसली तरी चालेल, पण बॉडी परत उतरवायची वेळ लवकर येऊ नये.

ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. गॅरेजचे मिस्त्री म्हणतात रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा इनॅमल. हेच रंगकाम इथल्या घरांच्या गेटवर असतं आणि दर एक-दोन पावसाळ्यांनी खरवडावं लागतं, त्यामुळे मन धजत नाही. पेंटच्या दुकानात दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर सुचवला. एका फॅब्रिकेटरने झिंकवाला प्रायमर सांगितला, तर दुसऱ्याने सरळ पावडर कोटिंग. चुलत्यांचं म्हणणं, विजेच्या खांबासारखं गॅल्व्हनाइझच करून घे.

अजून दोन गोष्टी. बाबा दर पावसाळ्याआधी चासीला जळकं ऑइल फासायचे, त्याचा थर अजून कोपऱ्यांत आहे. आणि ब्लास्टिंग चिपळूणला खेर्डी एमआयडीसीत होईल. तिथून टेंपोत घालून घरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर मारायचा, असा बेत आहे. चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

कोल्हापूरकर:

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण डब्यावरच्या नावापेक्षा ते महत्त्वाचं आहे. दुसऱ्या दिवशी नको. ब्लास्ट केलेलं पोलाद अगदी उघडं असतं. तुमच्या हवेत ते रात्रीतून तांबूस होईल आणि तुम्ही गंजावर प्रायमर माराल. ब्लास्टिंग झाल्यापासून साधारण चार तासांत पहिला कोट बसायला हवा, म्हणजे तो खेर्डीतच मारून घ्या. दिवसही कोरडा निवडा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम नसेल, तर त्या दिवशी काम करू नका. दिवाळीनंतर भर दुपारी हे सहज जमतं.

त्याच्याही आधी जळकं ऑइल काढा. तेलासकट ब्लास्ट केलं तर तेल पोलादाच्या खळग्यांत ठोकलं जातं आणि वरचा प्रायमर धरत नाही. खरवडून, डिग्रीझरने धुवून, मग गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चासी स्वच्छ करा. हे धुणं मिठासाठीही आहे. किनाऱ्यावरच्या गाडीच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, ते राहिलं की रंगाखाली पाणी ओढून फोड आणतं. ब्लास्टनंतर तासाभरात काही खड्डे पुन्हा काळपट दिसू लागले तर मीठ उरलंय असं समजा, तेवढा भाग परत धुवून वाळवून ब्लास्ट करा. ब्लास्टिंगला समुद्राची वाळू कुणी वापरत असेल तर तिथून गाडी उचला. ग्रिट (धातूचे टोकदार कण) किंवा कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतल्या मळीचे कण) मागा.

आता प्रायमर. झिंक स्वतः झिजून पोलाद वाचवतं, त्यामुळे दगड लागून टवका उडाला तरी गंज लवकर पसरत नाही. पण ते थेट ब्लास्ट केलेल्या धातूवरच लागतं, डब्यात खाली बसतं म्हणून सतत ढवळावं लागतं, आणि त्याच्यावर एपॉक्सीचा थर हवाच. तिथे औद्योगिक कामाचा पेंटर असेल तर हेच करा. नसेल तर थेट एपॉक्सीचे दोन कोट. चांगला मारलेला एपॉक्सी हा वाईट मारलेल्या झिंकपेक्षा कितीतरी बरा. शेवटी वर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) काळा, कारण एपॉक्सी उन्हात भुकटी सोडतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क बांधून ते फवारू नका, बाहेरून हवा देणारा मास्क असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

फवाऱ्याआधी सगळ्या कडा, वेल्ड आणि बोल्टची भोकं ब्रशने एकदा रंगवा. धारेवरून रंग ओघळून पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पावडर कोटिंग दिसतं छान. पण टवका उडाला की पाणी आत शिरून गंज खालून सरकत जातो, आणि घरी तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. गॅल्व्हनाइझिंग म्हणजे साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या झिंकमध्ये बुडवणं. चासी वाकू शकते, आणि बंद पोकळ्यांना भोकं नसतील तर स्फोटाचा धोका. जुन्या चासीला मी तो सल्ला देणार नाही.

धागाकर्ता:

खूप आभार. खेर्डीतच प्रायमरचं बोलतो. चासीचा काही भाग पेटीसारखा बंद आहे, तिथे गन पोचत नाही. आणि चासी नंबरचं काय करायचं?

किनारपट्टी:

बंद भागात रंग पूर्ण सुकल्यावर कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण), लांब नळीने, शेवटपर्यंत. खालची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना ते आधी तारेने बघा, ब्लास्टिंगची ग्रिट तिथे हमखास अडकते.

चासी नंबरवर ब्लास्टिंगआधी जाड टेप लावा. ती जागा हाताने साफ करून फक्त पातळ कोट मारा, म्हणजे आरटीओत पेन्सिलने नंबरची छाप घेताना अक्षरं उमटतील. अर्थिंगच्या जागाही टेपने झाका. आणि गाडीखाली डांबरी अंडरबॉडी कोट फासू नका. तो एका कडेने सुटला की खाली पाणी धरून ठेवतो, आणि गंज दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो.