मदत हवी आहे: ऑफर बघून शनिवार-रविवारच्या रात्रीचा बेत कसा ठरवता?

बेळगावात टिळकवाडीत राहते, घरात सहा माणसं. मागच्या शुक्रवारी जवळच्या मार्टात पनीर एकावर एक फुकट होतं, उचललं. घरी येऊन तारीख बघितली तर रविवारीच संपत होती! दोन्ही रात्री पनीर. सोमवारी सासूबाईंनी मुकाट्यानं झुणका-भाकरी मागितली, त्यांचं काही चुकलं नाही.

आता ऑफर बघूनच बेत ठरवायचा म्हणते. भाजी मात्र शनिवारच्या बाजारातलीच, अंधार पडता पडता वाटे स्वस्त होतात. पण डाळ-तांदूळ रविवार पेठेतल्या घाऊक बाजारातून आणणं परवडतं का हो, पाच-पाच किलोसाठी, रिक्षाभाडं धरून? आणि शनिवारचं उरलेलं रविवारी ओळखू येणार नाही असे दोन-तीन बेत सुचवा. मटण सोडून, ते आमच्याकडे दुपारीच संपतं.