मेल्याशिवाय जगणं नाही? सॉक्रेटिसचं म्हणणं पटतं का तुम्हाला?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
आमच्या भाऊकीत मागच्या मंगळवारी पुतण्याला मुलगी झाली आणि शुक्रवारी आजी गेली. सोयर आणि सुतक एकाच घरात. भटजी म्हणाले, सुतक मोठं, ते पुरते दहा दिवस पाळा, सोयर त्यातच फिटतं. जन्म झाला तरी देवघर बंद, मरण आलं तरी बंद, हे लहानपणापासून बघतोय. पण ह्या दोन्हींना एकच नियम का, हे कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रक्षा भरताना आत्या म्हणाली, "म्हातारी परत आली बघ."

प्लेटोच्या 'फीडो' नावाच्या संवादात सॉक्रेटिस हेच म्हणतो, फक्त तर्काने. इ.स.पू. 399, अथेन्सचा तुरुंग. संध्याकाळी विषाचा पेला प्यायचाय आणि हा सोबत्यांशी वाद घालत बसलाय! म्हणणं असं: जे मोठं झालं ते आधी लहान होतं, जे गरम झालं ते आधी गार होतं. झोपलेला जागा होतो, जागा झोपतो. विरुद्ध गोष्टी एकमेकींतून येतात आणि वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. जगण्याच्या उलट मरण. जिवंत माणूस मरतो हे दिसतंच, मग मेलेल्यातून जिवंत यायलाच हवं. नाहीतर सगळं एकाच दिशेला वाहत जाऊन शेवटी मेलेलंच तेवढं उरेल. आपली गीता तरी वेगळं काय सांगते? 'जातस्य हि ध्रुवो मृत्युः' म्हटल्यावर लगेच 'ध्रुवं जन्म मृतस्य च'. मला पटलं. कुणाला खोडायचं असेल तर खोडा.

विरजण (टिळकवाडी)
आजींबद्दल वाईट वाटलं, सर. पण आधी वार मोजा. मुलगी मंगळवारची, आजी शुक्रवारच्या. म्हणजे तीन दिवस दोघी एकाच वेळी श्वास घेत होत्या, आणि त्याआधी नऊ महिने ती पोटात होतीच. परत आली म्हणायचं तर जायच्या आधीच आली म्हणावं लागेल.

आता तर्काचं. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रोज काचेखाली पेशी बघते. 1855 साली फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरनं सांगितलं की प्रत्येक पेशी पेशीतूनच येते. पुढे पाश्चरनं उकळलेला रस वाकड्या नळीच्या चंबूत ठेवून दाखवलं की बाहेरून जिवंत काही आत गेलं नाही तर तो नासतही नाही. मेलेल्यातून जिवंत येत नाही, जिवंतातून येतं. माझं इथलं नाव बघा. रात्री दुधात कालच्या दह्याचा चमचा घालावा लागतो. मी एकदा घाईत कढत दुधात विरजण घातलं. सकाळी पातेलं उघडलं तर दूध तसंच, पातळ. विरजण मेलं होतं. मेलेल्यातून दही आलं नाही हो.

रविवारपेठ
दूध आटवून कुंदा होतो, आपली बेळगावी मिठाई. कुंद्याचं दूध करून दाखवा, एक किलो कुंदा माझ्याकडून.

मलप्रभाकाठ
कुंदा आणि दूध एकमेकांच्या विरुद्ध कधी झाले? पेठेत जोड्या अशा लावता काय?

रविवारपेठ
मग कच्चं आणि शिजलेलं धरा. तांदळाचा भात होतो. भाताचा तांदूळ?

ऊसवाला (कडोली)
मास्तर, शेतकऱ्याला विचारा की. बी मेल्याशिवाय झाड येत नाही असं कीर्तनात ऐकतो, पण मेलेलं बी उगवतच नाही बघा. भाताचं बियाणं घेताना आम्ही शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. ऐंशीला मोड आले नाहीत तर ते पोतं कोंबड्यांना. मेलेलं बी कोणतं आणि झोपलेलं कोणतं, हे गोणपाटच सांगतं.

तरी ताईंचंही सगळं बरोबर नाही. ऊस लावताना दोन डोळ्यांची कांडी जमिनीत पुरतो. डोळा फुटतो आणि कांडी कुजते. ती कुजताना पहिले काही दिवस कोंब तिच्यावरच जगतो. तोडणीनंतर तर रान बघवत नाही, नुसती खुरटी बुडखं आणि पाचट. पंधरा दिवसांत खोडवा हिरवागार. एवढं रोज बघून म्हातारी माणसं 'परत येतं' म्हणतात, त्यात त्यांची चूक काय?

विरजण
दादा, पाचटाचं खत होतं ते त्यातले जंतू जिवंत असतात म्हणून, आणि बुडख्याच्या मुळ्या जिवंत असतात म्हणूनच खोडवा फुटतो. पण एक कबूल करते. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, मग तिचं लोखंड काढून शरीर नव्या पेशीत घालतं. पोटातल्या बाळाची बोटं आधी पडद्यानं जोडलेली असतात. मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. तुमच्या नातीची दहाही बोटं अशीच सुटली. म्हणजे जगण्याला मरण लागतं. लागणं वेगळं, त्यातून जन्मणं वेगळं.

सगळं संपून जाईल ही भीतीही पोकळ आहे. सॉक्रेटिसनं जिवांचा साठा ठरावीक धरला. पण वरून ऊन येतंच राहतं आणि ऊस त्याचीच साखर करतो. मेलेले परत यायची गरज काय?

मलप्रभाकाठ
पण झोपेचं काय? झोपलेला उठतोच की.

विरजण
उठतो, कारण झोपेतही तो असतोच. मेल्यावर 'तो' कोण उरतो? उरतो हे आधीच धरलं, मग सिद्ध काय केलं?

धोटा (वडगाव)
ताईंनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. त्याच संवादात पुढे थीब्सचा सीबीस नावाचा माणूस अशीच शंका काढतो, आणि ती विणकराची आहे म्हणून मला पाठ आहे. घरात तीन पिढ्या माग. सीबीस म्हणतो, विणकरानं जन्मभर कितीतरी अंगरखे विणले, वापरले, फाडले. पण शेवटचा अंगरखा त्याच्यामागे उरतो. अंगरखा अजून आहे म्हणून विणकरही जिवंत असेल, असं म्हणता येईल का? तसा आत्मा अनेक देह वापरून एखाद्या देहात स्वतःच विरला तर?

गीतेत जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो असं आहे. तिथं नजर नेसणाऱ्याकडे आहे, विणणाऱ्याचं कुणी विचारत नाही. आमचे आजोबा गेले तेव्हा मागावर शहापुरी साडी अर्ध्यावर होती. बाबांनी बाराव्यानंतर बसून पुरी केली. काठ जुळला, पण हात बदलला ती ओळ आई अजून बोट ठेवून दाखवते. अलीकडची वीण घट्ट आहे. साडी पुढे गेली, आजोबा नाहीत. मला सीबीसच जवळचा वाटतो.

ऊसवाला (कडोली)
आमच्या शेजारी लिंगायत अज्जा आहेत. त्यांच्याकडे पुरतात, आमच्याकडे जाळतात. ते म्हणतात 'मरणवे महानवमी', मरण हाच सण. परत यायचंच नाही तर हिशेब कसला?

मलप्रभाकाठ
धोटासाहेब, तुमच्या त्या ओळीपुढे माझं घोडं अडलं. सॉक्रेटिस बाजूला ठेवतो. गीता अजून सोडत नाही.

काल आत्याला ताईंचा मंगळवार-शुक्रवारचा हिशेब वाचून दाखवला. ती पापड लाटत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, "जांबोटीला जायचं असलं तरी म्हातारी तासभर आधी स्टँडवर जाऊन जागा धरायची. विसरलास काय?"