लाइट जाऊन आल्यापासून रिमोट डेस्कटॉप जोडलं जात नाही

प्रश्न: डेस्कटॉपवर विंडोज ११ प्रो, लॅपटॉप वायफायवर. लॅपटॉपवरून डेस्कटॉप चालवायला रोज त्याचा पत्ता १९२.१६८.१.७ टाकून जोडतो. काल लाइट जाऊन आली, तेव्हापासून जोडणी होत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालू आहे. कुठून बघू?

उत्तर १: पत्ता बदललाय, बहुतेक. राउटर बंद होऊन सुरू झाला की डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी राउटरची सोय) वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देऊ शकतो. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा, आयपीव्ही४ची ओळ बघा. मग राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये डेस्कटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एका आयपीला बांधून टाका.

उत्तर २: तरी नाही जमलं तर लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनने डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉप ज्या दारातून चालतं तो) तपासा. नुसत्या पिंगवर (यंत्र उत्तर देतं का ते बघणारी चाचणी) जाऊ नका. फायरवॉल पिंग अडवत असली तरी पोर्ट उघडा असू शकतो. शेवटच्या ओळीत ‘फॉल्स’ आलं तर लॅपटॉप गेस्ट वायफायला चिकटलाय का बघा. तिथून घरातली बाकीची यंत्रं सहसा दिसतच नाहीत.

प्रश्नकर्ता: शेवटचा आकडा ७ चा १२ झाला होता! रिझर्व्हेशन केलं. आता जोडताना विंडोजचा पिन घेत नाही.

उत्तर १: पिन त्या यंत्रापुरताच चालतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाका. आणि बाहेरून जोडायचं असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी मार्ग) वापरा, राउटरवर ३३८९ कृपया उघडू नका.