पंचाहत्तर टक्क्यांची अट

वर एकांनी लिहिलंय की गरीब घरातल्या मुलांनी बीएस्सीला संशोधनाच्या नादी लागू नये, आधी नोकरीचं बघावं. मी इंदूरला बरीच वर्षं बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवतोय. मला हे अजिबात पटत नाही.

धार जिल्ह्यातली एक भिलाला आदिवासी मुलगी माझ्याकडे गावच्या हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजायला आली. कॉलेजात पोचलेली घरातली ती पहिलीच. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "सर, उत्तर पुस्तकात नाही, मग बरोबर आलं हे कळणार कसं?" मग तोच नमुना तिने तीनदा मोजला, आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि कितीतरी वेळ बघत बसली. एमएस्सीचा विषय तिने त्यानंतरच पहिल्यांदा काढला.

अडचण दारातच आहे. विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात, पण त्यासाठी बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात यावं लागतं, नाहीतर जेईई-नीटसारख्या परीक्षेत वरचा क्रमांक लागतो. चार वर्षांच्या नव्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधन करायचं तर पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के हवेत. हिंदी माध्यमातल्या मुलांची पहिली दोन सत्रं इंग्रजी पुस्तकं उलगडण्यातच जातात हो! शिवाय उन्हाळ्यात घरी मजुरीला हात लागतात.

म्हणून मी दुसऱ्या वर्षापासूनच, गुण न बघता, दोन-तीन मुलं प्रयोगशाळेत घेतो. पुढे शिफारसपत्रात "हजेरी नियमित" यापलीकडे लिहायला मला काहीतरी मिळतं. इथले आणखी कोणी शिक्षक असं करत असतील तर जरूर लिहा.