केसांची मिनरल टेस्ट करून घेऊ का? बजेट 2,500

खानापूरची_सून
नमस्कार मंडळी. वय 36. दोनेक वर्षं झाली, अंगात त्राणच नाही. दूध घेतलं की पोट फुगतं, चपाती खाल्ली की दुपारभर पडून राहावंसं वाटतं. भाकरी-आमटीवर मात्र बरं असतं. डॉक्टर म्हणतात हिमोग्लोबिन, शुगर सगळं नॉर्मल, टेन्शन घेऊ नका. जाऊबाई म्हणतात केसांची मिनरल टेस्ट कर. मानेजवळचे केस कापून कुरिअरनं पाठवायचे, 6,500 रुपये. माझं बजेट 2,500, त्याच्यावर नको. बेळगावात स्वस्तात कुठं होते काय?

शहापूर_पेठ
मी केली. फुल पॅकेज 11,000. रंगीत रिपोर्ट आला, जाड पुस्तकच. जस्त कमी, तांबं जास्त. त्यांच्याच गोळ्या चालू आहेत, फरक पडायला वेळ लागतो म्हणालेत. तब्येतीच्या बाबतीत बजेट बघू नये ताई.

वडगावचा_बापू
आधी पाणी तपासा की! बोअरचं पितासा काय? आमच्या घागरीला आतनं पांढरा थर धरायचा. आरओ बसवला, 18,000 गेले, पण पोट शांत.

टिळकवाडीकर
आरओनं पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमच निघून जातं. आम्ही राकसकोप धरणाचं पाणी पिऊन मोठे झालो, काही झालं नाही.

वडगावचा_बापू
राकसकोपचं पाणी तुमच्या नळाला किती दिवसांनी येतंय ते सांगा आधी.

निपाणी_लॅबवाला
पाण्याचं भांडण दुसऱ्या धाग्यावर घ्या. ताई, रोज रक्ताच्या नळ्या हाताळतो म्हणून सांगतो. 2001 मध्ये अमेरिकेत एकाच निरोगी माणसाचे केस सहा लॅबना पाठवले होते, आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. कोंड्याच्या शाम्पूत जस्त किंवा सेलेनियम असतं, तेच केसात सापडतं. मेंदी, डाय, बोअरचं पाणी, सगळ्यानं आकडा हलतो. आर्सेनिकची विषबाधा शोधायला केस कामाला येतात, तुमच्या पोटाला नाही.

रक्तातल्या मॅग्नेशियमवरही फार विसंबू नका. शरीरातलं जेमतेम एक टक्का रक्तात असतं, बाकी हाडा-मांसात.

डॉक्टरांना विचारून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, टीएसएच (थायरॉइडची) आणि टीटीजी-आयजीए या रक्ताच्या टेस्ट करा. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही फेरिटिन 15 च्या खाली गेलेल्या बायका रोज बघतो, थकवा तिथनंच. टीटीजी सिलिअ‍ॅकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होते तो आजार. ती होईपर्यंत चपाती सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला सांगा, थायरॉइडचा आकडा चुकतो. चारही 2,500 मध्ये बसतील का ते लॅबला फोन करून विचारा. नसतील तर फेरिटिन पहिलं.

मिरजवारी
बेळगावात वेळ घालवू नका, सरळ मिरजेला जा. आमच्या मेव्हण्याला इथं एका दवाखान्यात वर्षभर गॅसच्या गोळ्या दिल्या, तिकडं गेल्यावर पित्ताशयात खडे निघाले.

टिळकवाडीकर
खड्यांचा इथं काय संबंध? आणि बेळगावात काय डॉक्टर नाहीत?

अनगोळची_मावशी
मी कुठलं खाणं सोसत नाही ते बघायला 200 पदार्थांची आयजीजी टेस्ट केली, रक्तातल्या अँटीबॉडीची. भात, तूरडाळ, शेंगदाणे सगळं लाल. मग खायचं काय, सांगा!

निपाणी_लॅबवाला
मावशी, तुम्ही जे रोज खाता त्याचंच आयजीजी वाढलेलं दिसतं. त्याला पथ्य समजू नका. ताई, दुधाचं दोन आठवडे बंद करून बघा, फुकट आहे. ताक-दही चालतंय आणि दूध नाही, असं असेल तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसल्याचा संशय घ्या.

हलग्याची_पोर
बी12 बघा ताई, आमच्या आईचं तेच निघालं.

टिळकवाडीकर
ते वर सांगून झालंय.

खानापूरची_सून
सगळ्यांचे आभार. ताक चालतंय मला, हे कुणी विचारलंच नव्हतं. फेरिटिनचे पैसे तेवढे बाजूला काढते. पण केसांची टेस्ट करतेच. अर्धे पैसे जाऊबाई देताहेत, नाही म्हटलं तर दिवाळीपर्यंत बोलणार नाहीत. उरलेले घरखर्चातनं.

निपाणी_लॅबवाला
मेंदी लावली असेल तर तेवढं फॉर्मवर लिहा.

शहापूर_पेठ
शाब्बास! माझा कोड टाकून बुक करा, दहा टक्के सूट आहे. मलाही थोडं काहीतरी मिळतंय.